आकडा तोच राहणार

प्रिय शर्मिला,

डब्यात चिठ्ठी सापडली म्हणून घाबरू नकोस, घरी सगळं ठीक आहे. गॅस बंद केलाय, तुझी आई वाघोलीला सुखरूप पोचली आणि भेंडीत मीठ बरोबर आहे, मी चाखून बघितलंय. तोंडानं सांगायला गेलो तर तू चपलेत पाय घालता घालता 'बरं' म्हणतेस आणि निघतेस, म्हणून लिहितोय. सत्तावीस वर्षांच्या संसारात एवढं तरी शहाणपण आलंच की.

रविवारी मी नेहमीप्रमाणे मोबाइलवर तुझं नाव टाकून आकडा बघत बसलो होतो. लोक क्रिकेटचा स्कोअर बघतात, मी तुझी सायटेशन्स बघतो. दुसऱ्या कुणी संशोधकानं आपल्या लेखात तुझ्या लेखाचा आधार घेतला की एक वाढतं, एवढं मला कळतं, आणि कारखान्याच्या क्वार्टर्समधल्या झाडून सगळ्यांना मी ते कळवून ठेवलंय. शेजारचा सर्जेराव तर मला लांबून बघितलं की रस्ता बदलतो. यकृताच्या जखमी पेशी स्वतःला कशा सांधतात यावरचा तुझा तो लेख, त्या एकट्याचीच दोन हजारांच्या वर! मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि तू चहाचा कप खाली ठेवून म्हणालीस की अहो, त्या यकृताच्या पेशी नव्हत्याच.

मग समजावून सांगितलंस. तुझ्या विद्यार्थिनीनं, पूर्वानं, फ्रीजरमधली जुनी कुपी काढून तपासली, तर आत भलत्याच पेशी. वीस वर्षांपूर्वी कधीतरी त्या शिरल्या, झपाट्यानं वाढल्या आणि मूळच्या पेशींना हुसकावून बसल्या, शेतात तण माजावं तशा. यात लबाडी कुणाचीच नाही, आणि तुम्हा दोघींखेरीज कुणाला पत्ताही नाही. मग प्रश्नच काय, असं अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. तू मात्र म्हणालीस की लेख मागे घ्यायचा, जगात कुठेतरी एखादी मुलगी माझ्या वाक्यावर विसंबून वर्षानुवर्षं फुकट राबत असेल. आकडा तोच राहणार, फक्त लेखावर 'मागे घेतला' असा शिक्का बसणार, हे सांगताना तुझा चेहरा उतरला. आकडाही गेला असता तर तुला बरं वाटलं असतं! अगं, काय बाई आहेस तू! मी तसाच उठून गेलो ते रागानं नाही. खडकी स्टेशनपर्यंत चालत गेलो आणि बाकावर नुसता बसून राहिलो. ऊर भरून आला होता माझा. अशा माणसाबरोबर आपण एवढी वर्षं एका घरात राहतोय आणि भाजी कोण आणणार यावरून भांडतोय, याचंच नवल वाटत होतं.

तिथे बसून मला आपलं लग्न आठवलं. बुद्धवंदना झाली, हार घालून झाले, आणि पंगत बसायच्या आत नवरी गायब. त्या दिवशी पेशींना खाऊ घालायची पाळी होती म्हणे. पांढऱ्या साडीवर पांढरा कोट चढवून तू काचेच्या बशांमधलं पोषणाचं पाणी बदलत होतीस आणि इकडे मी एकटाच आहेर घेत उभा. माझी दुर्गाआत्या अजून विचारते, पेशी जेवल्या का रे? फार चिडलो होतो मी. मग पुढच्याच आठवड्यात तू मला लॅबमध्ये नेलंस आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलंस. बारीक सुईनं टोचलेली एक पेशी, तिची फाटलेली कड, आणि बघता बघता ती कड मिटली. कुणी टाका घातला नाही, कुणी मलम लावलं नाही. मी दारूगोळ्याच्या कारखान्यात जन्मभर फुटायच्या वस्तू केल्या गं, आपली आपण सांधणारी वस्तू तोवर पाहिली नव्हती. अंगावर सर्रकन काटा आला. तेव्हा गेलेला राग परत कधी आला नाही. पुढे जयंतीची मिरवणूक असो, माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन असो, तू कुणासाठी थांबली नाहीस आणि मीही थांब म्हटलं नाही.

आता मुद्द्याचं. येत्या शनिवारी आमच्या युनियननं तुझा सत्कार ठेवलाय. तो मीच घडवून आणलाय, आणि फलकावर 'दोन हजार' हे लाल रंगात मीच लिहायला लावलंय. म्हणून तू काल म्हणालीस की सत्कार होऊन जाऊ दे, नियतकालिकाला मेल सोमवारी पाठवते, तुमची मान खाली जायला नको. शर्मिला, लग्नाच्या दिवशी जी माझ्यासाठी थांबली नाही, ती आज माझ्या मानेसाठी थांबणार? नको गं. माझ्यावर एवढी माया करतेस हे कळलं, पोचलं, पण थांबू नकोस. शनिवारी माइक माझ्याच हातात आहे. हिनं आपला सगळ्यात मोठा लेख स्वतःहून मागे घेतला, हेच मी पहिल्यांदा सांगणार, आणि मग सर्जेरावच्या हातून शाल. मेल लिहून तयार आहे, कॉम्प्युटर शेजारीच आहे. डब्याचं झाकण परत लाव. आधी पाठव, मग जेव.

तुझाच,
रतन