गुरुवारची कडू

४ नोव्हेंबर, गुरुवार

लेकीने आज तोंड उघडलंच. "बाबा, तुमची ती आल्ट बिअर मोठी टाकी अडवून बसते. तेवढ्या वेळात माझी गव्हाची बिअर दोनदा निघते. आणि आल्ट पितं कोण? तुमचे तीन म्हातारे!"

"म्हातारे नाहीत, जाणकार आहेत."

"मग जाणकारांचे डोळे बांधू. तीन बिअर चाखायला देऊ. आल्टला पहिला नंबर मिळाला तर टाकी तुमची. नाहीतर माझी."

धंदा माझ्याच बिअरघराच्या गल्ल्यावर शिकली. पैज लावताना बाप ओळखत नाही! हो म्हणून टाकलं. शिंपी, निवृत्त पोस्टमन आणि चष्मेवाला – आठ वर्षं दर गुरुवारी कोपऱ्यातलं टेबल यांचं, आणि आल्टशिवाय दुसऱ्या कशाला हात लावत नाहीत. या खेपेची जास्त कडू की गेल्या खेपेची, यावर ग्लास संपेपर्यंत वाद. पैज जिंकल्यातच जमा आहे.

५ नोव्हेंबर

तळघरात गेलो. आमचा बिअर बनवणारा – मास्तर म्हणतो आम्ही त्याला – पिंपाची चावी फिरवत होता. न सांगता छोटा सरळ ग्लास भरून दिला. तांब्याचा रंग, वर दोन बोटं फेस. मी आधी कानाशी धरतो. फेस बारीक चुरचुरला पाहिजे. भसाभसा बसला तर काहीतरी बिनसलं समजावं. मास्तर हसतो. हसू दे.

पहिला घोट – पावाची करपलेली कड. मग हॉप्सच्या फुलांचा कडूपणा, जिभेच्या दोन्ही बाजूंनी चढत जाणारा. आणि गिळून झाल्यावर तोंड कोरडं, स्वच्छ. गोडवा असतो, पण पाहुण्यासारखा – बसत नाही, उभ्या उभ्या जातो.

जर्मन पद्धतीची बिअर ही. आल्ट म्हणजे जुनी. हल्ली सगळीकडे मिळते ती फिकी लागर बिअर यायच्या आधीची रीत. यीस्ट कोमट हवेत काम करतं, मग बिअरला थंडीत निजवायचं. घाई केली की ती तोंड वाकडं करते.

तरुणपणी मी ज्या बिअरघरात ग्लास धुवायचो तिथे हीच असायची. पिंपातून थेट. गिऱ्हाईक ग्लासावर पुठ्ठ्याची चकती ठेवेपर्यंत वाढपी विचारतही नसे, भरलेला पुढे ठेवत जाई. एकदा मालकाने मला ग्लास दिला – धुवायला नाही, प्यायला. मी तो मागच्या दाराने समोरच्या इस्त्रीवाल्याच्या मुलीकडे नेला. तिने एक घोट घेतला, तोंड आंबट केलं, म्हणाली, "हे पितात लोक?" मी ग्लास परत मागितला तर देईना. "थांब रे, नंतर काहीतरी येतंय."

त्याच मुलीशी लग्न केलं. तिला जाऊन आठ वर्षं झाली. तळघरात मात्र ती अजून म्हणते – थांब रे.

११ नोव्हेंबर, गुरुवार

नाक कापलं गेलं!

तिघांच्या डोळ्यांवर शिंप्यानेच शिवलेल्या पट्ट्या. पुढे लागर, गव्हाची आणि आल्ट. आल्टचा घोट घेऊन शिंपी म्हणाला, "ही काय, काढ्याची बाटली विसळली?" पोस्टमन – "पत्ता चुकलाय. परत पाठवा." चष्मेवाला – "एवढा वाईट नंबर माझ्या दुकानात नाही!"

आल्ट शेवटची. एकमताने.

लेक हसली नाही. त्याचाच जास्त राग आला.

१२ नोव्हेंबर

उजाडताच लक्षात आलं – ग्लासांवर दव होतं! लेकीने तिन्ही बिअर एकाच फ्रिजमधून काढल्या. आल्ट एवढी गार केली की तिचं तोंडच बांधलं. तळघराच्या गारव्याला द्यायची असते ती.

लेकीला सांगितलं. "नाचता येईना अंगण वाकडं," म्हणाली. पण पुन्हा खेळायला तयार झाली. आईवर गेली आहे.

१८ नोव्हेंबर, गुरुवार

आल्ट या वेळी हवी तशीच दिली. मी स्वतः ओतली.

पुन्हा शेवटची.

टेबल पुसायला फडकं आणतो म्हणून आत गेलो. दाराआड उभा राहिलो. माझ्या कानांची कीर्ती या लोकांना ठाऊक आहे, तरी विसरले.

"मी सांगत होतो, जास्त कडू ती त्याची, तिलाच पहिला नंबर द्या!" – शिंपी.

"मला लागरही तेवढीच कडू लागली." – चष्मेवाला.

"आता वहिनीला काय सांगायचं वर गेल्यावर?"

फडकं टाकून बाहेर आलो. "कसली वहिनी? काय सांगायचं?"

तिघेही एकदम आपापल्या पट्टीची घडी करायला लागले. शेवटी पोस्टमन बोलला. हिने जायच्या आधी दवाखान्यात तिघांना बोलावून घेतलं होतं. "गुरुवारी त्याच्याकडे जात जा," म्हणाली. "आणि आल्टच मागा. दुसरं काही मागितलंत तर तो वाढप्याला पाठवेल. आल्ट मागितलीत तर स्वतः ओतून आणेल, आणि बसेल."

"म्हणजे आठ वर्षं... आवडत नसताना?"

"आवडायचा प्रश्न कुठे होता, मालक?" शिंपी म्हणाला.

तिघांचे ग्लास उचलले आणि धुवायला गेलो. कितीतरी वर्षांनी धुतले.

१९ नोव्हेंबर

टाकी लेकीला दिली. "बाबा, राहू दे ना," म्हणाली. पैज म्हणजे पैज. मास्तरला सांगितलं – तळघरात उरलेली पिंपं संपू दे, नवी आल्ट लावू नकोस.

शिंप्याच्या दुकानात जाऊन तिघांना निरोप ठेवला – वचन फिटलं. आता जिभेला रुचेल ते प्या.

हिच्यावर रागवावं का, कळत नाही. माझ्याच बिअरचं मला औषध लावून गेली, आणि मला वाटत राहिलं की मी बिअरघर चालवतो!

२५ नोव्हेंबर, गुरुवार

आले. गव्हाची मागितली. वाढप्याने दिली. मी गल्ल्यावर, कान कोपऱ्यात.

"गोड आहे."

"हो. गोड आहे."

पुढे काही नाहीच. शिव्या नाहीत, वाद नाही. मग पोस्टमन उठून आला. "मालक, ती तुमची कडू शिल्लक आहे?"

"अहो, वचन फिटलं म्हणालो ना."

"वचनाचं कोण बोलतंय? या गोड बिअरवर भांडायला काही नाही. ओता चार."

मी ओतत असताना मागे लेक मास्तरला सांगत होती – गव्हाची छोट्या टाकीत घ्या, मोठी मोकळी ठेवा.