दाव्यासकट गेलेली गाय

सोम., ३ नोव्हें.
तांबडी गाभण आहे. डॉक्टर म्हणाले, ‘चार महिने झाले, वहिनी.’ मी गोठ्यातच तोंडावर पदर दाबून हसले. अख्खा गाव तिला भाकड म्हणून मोकळा झाला होता. मामा गुडघा दाखवायला नांदेडला गेले तेव्हा मीच गुपचूप भरवून घेतली होती, आपल्या लाल कंधारी जातीचंच बी. घरात आम्ही सासरा-सून दोघंच, तरी चार महिने पत्ता लागू दिला नाही. आता एकीच्या दोन, दोनाच्या चार... डोकं नुसतं पळतंय.
ह्यांना लातूरला फोन केला. ‘बरं.’ एवढंच.

मंगळ., ४
मामांना सांगितलं. वाटलं, आधी रागावतील, मग हसतील. दोन्ही नाही.
‘रफिकला शबुद दिलाय मी. परवा न्यायला येणार हाय.’
रफिकचाचा मुखेडचे, मामांचे लहानपणापासूनचे दोस्त. घरच्या दुधाला गाय बघत होते. भाकड तर भाकड, औषधपाणी करून बघू म्हणाले होते म्हणे.
‘आता गाभण हाय की, मामा.’
‘मग ते रफिकचं नशीब. बैल ट्रॅक्टरनं नेले, गाय गुडघ्यानं नेली समज.’
खूप भांडले. शेण, वैरण सगळं वर्षभर मीच करते म्हटलं, पुढंही करीन. तर म्हणतात, ‘आज करशील. उद्या नवऱ्याकडं लातूरला गेलीस म्हंजे?’ खरंच होतं, म्हणून जास्तच राग आला.

गुरु., ६
गेली. मी बाहेरच आले नाही. चुलीपुढे बसून भाकरी थापल्या, लग्नघरी पुरतील एवढ्या. चाचा ‘बेटी कुठंय?’ विचारत होते. टेम्पोचा आवाज गेल्यावर उठले.
संध्याकाळी मामा गोठ्यात रिकाम्या खुंट्यापाशी. ‘दावं कुठं हाय?’
जनावर विकलं तरी दावं घरातच राहतं, ते गेलं तर गोठा पुन्हा भरत नाही म्हणतात. गळ्यात नवं घालायचं, जुनं सोडून घ्यायचं, मग पाठवायचं. हे काम घरच्या बाईचं. आत्या, माझ्या सासूबाई, होत्या तोवर त्या करायच्या. आता मी, आणि मी बसले होते रुसून.
‘दाव्यासकट गेली. मोडली की दावण,’ मामा म्हणाले. जेवले नाहीत.
वाईट वाटलंच. पण खरं लिहायचं तर जरा बरंही वाटलं. गुरंच ठेवायची नाहीत म्हणणाऱ्या माणसाला दाव्याचा एवढा घोर?

शनि., ८
किती लिहू. हात थांबत नाही.
सकाळच्या एसटीनं मुखेडला गेलो. वाटेत मामा सारखं, ‘फकस्त दावं आणायचंय.’ मी ‘हाव’.
चाचांच्या अंगणात तांबडी मला बघून हंबरली. मला म्हणजे माझ्या हातातल्या पेंडीच्या पिशवीला. मामांनी दाव्याचं सांगितलं तसा चाचांनी कानाला हात लावला. ‘या अल्ला. गोविंदराव, माझ्या बी ध्यानात आलं न्हाई. दाव्यासकट आली म्हंजे मेहमान आली की. सौदा कुठं झाला?’
चहा झाला. मग चाचांनी उठून दाव्याचं टोक मामांच्या हातात दिलं, गळ्याची गाठ तशीच ठेवून.
‘बोला. रिकामं सोडून देऊ, का भरलेलं नेता?’
माझ्या जिभेवर लई होतं. तांबडीला पेंड चारत राहिले.
‘उंबऱ्याभाईर गेलेलं दावं रिकामं आणू न्हाई,’ मामा म्हणाले.
हा नियम मी कधी ऐकलेला नाही. चाचांनीही नसावा, दाढीत हसत होते. आणि मामांनी बंडीच्या खिशातून चाचांचेच पैसे काढले, रुमालात बांधलेले, जसेच्या तसे. फकस्त दावं आणायला निघालेला माणूस.
निघताना मात्र बजावलं, ‘व्येईपर्यंतच हां, रफिक. मग वासरासकट तुझी.’
‘हौ, हौ.’
येताना टेम्पोत मागे तांबडीपाशी उभी होते. गावापर्यंत मोठमोठ्यानं गात आले.

शुक्र., १९ डिसें. येळवस
हे आले. वेळ अमावस्येची शेतातली पूजा, भज्जी, आंबील, सगळं झालं. तांबडीला आधी घास दिला.
जेवताना ह्यांनी काढलंच. तिकडे मोठी खोली बघितलीय, उन्हाळ्यात दोघं या. ‘आणि एका गायीवर काय होतंय? गावात दावणी उरल्यात किती?’ खोटं बोलत नाहीत. मलाही त्यांच्याशिवाय करमत नाही, हे काय सांगायला पाहिजे? पण गोठ्यात गेले की माझा पाय निघत नाही.
मामा म्हणाले, ‘आधी व्येऊ दे.’ आंबील मागून घेतली.

रवि., २९ मार्च
तांबडीची कास भरलीय. पंधरवड्यात व्येईल म्हणतात. मी दिवसातून दहा चकरा मारते. चाचांचा फोन आला, ‘मेहमान कैसी है?’ ह्यांचाही आला. खोलीचं विचारत होते.
मामा सकाळपासून अंबाडीचा वाख घेऊन बसलेत. वासराचं दावं वळलं. ‘गोऱ्हा झाला तर?’ म्हटलं. ‘दावं गोऱ्हा-कालवड बघत नसतं.’
दुपारी दुसरं वळायला घेतलं. हे लांब, जाड.
‘हे कुणाला, मामा?’
‘अंबाडी उरली व्हती. टोक धर.’
मोठ्या गायीच्या गळ्याला होईल एवढं. तांबडीचं दावं तर अजून चांगलं आहे. दावणीला दुसरी गाय आणली तर नवं लागतं. आणि असलेली द्यायची झाली तरी नवंच लागतं.
मामा मान खाली घालून पीळ देत होते. टोक घट्ट धरून बसले.