घरी शिकणाऱ्या मुली

ब्रायर्सफोर्ड, टेक्सास
१९ ऑक्टोबर

प्रिय ॲडेल,

पीचचा मुरंबा मिळाला. बरणी शाबूत आली. थॅडने उभ्याउभ्याच चमचा घातला, तुझ्या भावाची सवय तुला ठाऊक आहेच. इकडे ऊन अजून हटत नाही, आणि शेंगदाण्याच्या शेतांवर नवी घरं उगवणंही थांबत नाही. शाळेत वर्ग पुरत नाहीत म्हणून मैदानात पत्र्याच्या खोल्या टाकल्यात.

रविवारी फोनवर तू मला झोप लागते का, म्हणून पुन्हा पुन्हा विचारत होतीस. इतक्या वर्षांत माझ्या झोपेची चौकशी तू कधी केली नव्हतीस. असो.

गेल्या महिन्यात आमच्या शिक्षण मंडळाचा वार्षिक सोहळा झाला. दोन नव्या शाळा उघडल्या, बँडला राज्यात बक्षीस मिळालं, आणि सगळ्यात शेवटी ड्रम वाजवून, थॅड मुख्याध्यापक असलेल्या आमच्या हायस्कूलचं नाव घेतलं. शंभरातली अठ्ठ्याण्णव मुलं शाळा पूर्ण करून बाहेर पडली म्हणे! इतक्या झपाट्याने वाढणाऱ्या गावात असं कुठंच घडलं नाही, असं सुपरिंटेंडंट म्हणाले. सगळे उभे राहिले. थॅडचे डोळे भरून आले होते. टाळ्या मीही वाजवल्या.

पण माझ्या गायनवर्गातल्या खालच्या पट्टीत गाणाऱ्या मुली गेल्या कुठे?

इट्झेल नावाची मुलगी होती. तिचा आवाज लागला की माझं सगळं पथक सुरात यायचं. मार्चमध्ये ती यायची बंद झाली. थॅडला विचारलं, तर म्हणाला, "ती आता घरी शिकते. आईनंच ठरवलं." मग आणखी एक मुलगी गेली, मग आणखी एक. प्रत्येक वेळी हेच उत्तर. एकाच वसंतात एवढ्या आया शिक्षिका कशा झाल्या, ॲडेल?

मनात पाल चुकचुकली ती गप्प बसेना. स्टाफरूममध्ये मी शिरले की बोलणं थांबतंय असं वाटायला लागलं. समुपदेशक बेटिना एके दिवशी काही कारण नसताना अक्रोडासारख्या पेकनची गोड पेस्ट्री घेऊन घरी आली. "तू फार दमलेली दिसतेस गं," म्हणाली. मी ती पेस्ट्री तशीच कचऱ्यात टाकली. अशी झाले होते मी.

मग किराणा दुकानात इट्झेलची आई भेटली. ग्रिसेल्डा तिथं मटणाच्या काउंटरवर असते. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "घरी अभ्यास कसा चाललाय पोरीचा?"

"कसला अभ्यास, बाई?" तिने हातमोजे काढले. "माझ्या आईला डायलिसिसला ती नेते, उरलेल्या वेळात डोनटच्या दुकानात उभी असते. तुमच्या साहेबांनीच सांगितलं ना, खाडे फार झालेत, कोर्टाची नोटीस येईल. त्यापेक्षा घरी शिकवतो म्हणून सही करा, पुढच्या वर्षी परत घेऊ."

"मग परत गेला नाहीत?"

"गेलो की. म्हणाले, जागा नाही. शाळा वाढतेय ना तुमची!"

काउंटरपलीकडून ती माझ्याकडे बघत होती. मलाही हे सगळं माहीत असणार, असं तिला वाटत होतं.

घरी येऊन थॅडला सरळ विचारलं. नाकारलं असतं तरी मला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "मी कुणाला हाकललं नाही. दार दाखवलं, ती गेली. अशी मुलं शाळेत राहून मधेच गळतात आणि सगळ्यांच्या मेहनतीवर पाणी पडतं. घरी शिकतात म्हटलं की ती गळाली असं कुणी धरत नाही."

"आणि मी हे बाहेर बोलले तर?"

"तर लोक म्हणतील, रोवेना हल्ली बरी नाही. बेटिनाला तसं वाटतंच. ॲडेललाही वाटतं."

तेव्हा तुझ्या फोनचा अर्थ लागला. तुला दोष देत नाही. भावानं सांगितलं, तू विश्वास ठेवलास. मीही ठेवलाच होता.

मंगळवारी मंडळाच्या सभेत मी उठून बोलले. अध्यक्षांनी मधेच थांबवलं, "गायनाच्या बाई, तुमची वेळ संपली." तेवढ्यात मागून इट्झेल उठली. कामावरून थेट आली होती, अंगात दुकानाचा ॲप्रन. "मी घरी शिकत नाहीये," ती म्हणाली. "मला शाळेत यायचंय." मग ग्रिसेल्डा उठली. मग कोपऱ्यातली एक आई, जिला मी ओळखतही नव्हते. सुपरिंटेंडंट पाण्याचा ग्लास हातातून खाली ठेवेनात. थॅड टेबलाकडे बघत बसला होता.

बाहेरच्या लोकांकडून चौकशी होणार आहे. थॅडला तोवर रजेवर पाठवलंय. इट्झेल सोमवारपासून वर्गात बसेल. आजीला न्यायला ग्रिसेल्डाच्या चर्चमधल्या बायकांनी पाळ्या लावल्यात. आणि काल आमच्या शेजाऱ्याने कुंपणावरून ऐकवलं, "झालं समाधान? शाळेचं नाव गेलं, आता आमच्या घरांना गिऱ्हाईक मिळणार नाही."

आज सकाळी थॅड ट्रक घेऊन निघून गेला. कुठे ते बोलला नाही, पण त्याला जायला दुसरी जागा नाही. पत्र पोचेल तेव्हा तो तुझ्याकडेच असेल. त्याला आधी पोटभर जेवू घाल. तो माझ्याबद्दल काय सांगेल ते ऐकून घे. मग एवढंच विचार, की ज्या मुलींना त्याने दार दाखवलं त्यांची नावं काय होती.

नावं सांगता आली, तर मला फोन कर. मी त्याला न्यायला स्वतः येईन. नाही सांगता आली, तरी फोन कर.

निदान आजच्या तारखेपर्यंत तुझी भावजय,
रोवेना