दोन चंद्र, ओहोटी नाही

सोमवार, २ फेब्रुवारी २००४

— आणि वर म्हणतो, "मावशी, मजा येईल!" मजा! पाच जणांचा डबा घेऊन दुपारी गेले, डबे ठेवून निघणार, तर या अनिशने खुर्चीत बसवलं आणि हातात बंदूक दिली. माझी दुपार काय रस्त्यावर पडलीय? घरी भांडी तशीच. सुकट उन्हात घातलेली, तिच्यावर कावळे. कुणी विचारलं मला? पोटच्या पोरीनेसुद्धा नाही. उमा बाजूलाच बसलेली, तोंडाला ओढणी लावून हसत होती.

अनिश म्हणजे चिंतामणी वकिलांचा मुलगा. त्यांच्याकडे मी खडकावरच्या शिंपल्यांतली कालवं द्यायला जायची तेव्हा हा चड्डीची नाडी बांधून घ्यायला माझ्याकडे यायचा. आता पुण्याहून शिकून आलाय. वकिलांच्या माडीवर कम्प्युटर मांडलेत आणि दोन वर्षं पाच जण मिळून एक गेम करतायत. आमची उमा त्या पाचांतली. गेम बंदुकीचा. दुसऱ्या कुठल्यातरी ग्रहावर उतरायचं आणि समोर येईल त्याला उडवायचं. वीस तारखेला बंगळूरहून कंपनीवाले बघायला येणार. त्यांनी घेतला तर हे पाच जण तरले. नाहीतर माडीला कुलूप, आणि पोरगी घरी.

"मावशी, आजवर हा गेम कम्प्युटरवाल्यांनीच बघितलाय. तुम्ही कधी माऊस धरला नाही. तुम्हाला जमलं तर कुणालाही जमेल!"

म्हणजे मी सगळ्यात अडाणी म्हणून माझी निवड! तोंडावर विचारलं त्याला. म्हणाला, "हो." निदान खोटं बोलला नाही.

एक वही दिलीय. रोज तासभर खेळायचं आणि काय वाटलं ते लिहायचं. त्याच्या वहीत त्याच्यापुरतं लिहीन. खरं इथे.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

उलटी व्हायची राहिली! बापाच्या होडीत लहानाची मोठी झाले, कधी पोटात ढवळलं नाही. आणि आज खुर्चीत बसून!

उजव्या हाताने माऊस फिरवायचा म्हणजे डोकं फिरतं. डाव्या हाताने चार बटणं दाबायची म्हणजे चालायचं. बटणांवर इंग्रजी अक्षरं, ती मला कुठून येणार — चौथीत शाळा सुटली. कपाळाच्या चार टिकल्या काढून बटणांवर चिकटवल्या. राजिवड्याचा झैन तिथे बंदुका आणि आवाज करतो, तो म्हणाला, "मावशी, हे आम्हाला दोन वर्षांत सुचलं नाही." सुचणार कसं, टिकल्या लावता कुठे तुम्ही!

मग खाली बघितलं तर — मला पायच नाहीत! हात आहेत, बंदूक आहे, खाली वाळू. मध्ये काही नाही. मी ओरडले. सगळी माडी हसली.

"मावशी, वर बघा, वर! आकाशात दोन चंद्र आहेत!"

"चंद्र काय पळून जातायत? आधी माझे पाय दे."

अनिश म्हणाला, "पाय कुणीच बघत नाही हो."

मी बघते. तीस वर्षं कालवं काढतेय. खडकावर वर बघून चाललं की पाय फाटलाच. पौषात एकदाच नजर हटली तर टाच अर्धी कापली, पंधरा दिवस पू. माझी मान खालीच असते. तशीच बसलीय ती.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

आज चंद्र बघितले. खोटं नाही लिहीत — सुंदर आहे. एक मोठा, तांबूस. एक लहान, निळा. दोघांचा उजेड पाण्यावर वेगवेगळा पडतो. जुन्या जहाजाचा सांगाडा आहे, त्यावरचा गंज बघून वाटलं हात लावला तर बोटाला लागेल. काचेच्या डोक्याची माणसं येतात, गोळी लागली की काच फुटून पाण्यात पडते आणि प्रत्येक तुकड्यात चंद्र दिसतो. प्रत्येक तुकड्यात! मी बंदूक विसरून बघत बसले आणि मेले.

किनारा सगळा उमाने केलाय. वाळू, खडक, लाटा. आपली ही पोरगी, भाकरी धड गोल होत नाही तिची. मी काही बोलले नाही तिला. बोलायला हवं होतं.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

पुनव. संध्याकाळची ओहोटी मोठी, खाडीच्या तोंडापर्यंत खडक उघडे. तीन डबे कालवं. सावित्रीबाई शेजारच्या खडकावरून ओरडून विचारते, "काय गो सगुणा, बंदूक चालवतेस म्हणे! कोणाला मारलंस?" म्हटलं, "काचेच्या डोक्याची माणसं." म्हणते, "तसली आमच्या घरात पण आहेत, घेऊन जा!"

कालवं फोडता फोडता एकदम डोक्यात आलं. एका चंद्राने आमचं एवढं पाणी हलतं. तिथे दोन चंद्र. आणि पाणी? एक वीत हलत नाही!

शनिवार, ७ फेब्रुवारी

सांगितलं. सगळ्यांसमोर.

म्हटलं, अनिश, तुझा गेम दिसायला नवरीसारखा आहे, पण त्यात कोणी राहिलेलं नाही. दोन चंद्र आहेत, ओहोटी नाही. खडकावर पाण्याची रेघ नाही. शेवाळ नाही. घरांची दारं नुसती रंगवलेली, एकही उघडत नाही. काचेची माणसं समोरूनच येतात, तीच ती, तशीच मरतात. ती बिचारी कोण, मी त्यांना का मारतेय, कुणी सांगत नाही. पहिला तास डोळे फाटतात. दुसऱ्या तासाला जांभई येते.

झैन खिडकीतून बाहेर बघायला लागला. अनिशचं तोंड उतरलं. म्हणाला, "मावशी, ओहोटी कोण बघतंय?" मग म्हणाला, आता बदलायला वेळ नाही. आजच संध्याकाळी तो गेमला कुलूप लावणार. वीस तारखेपर्यंत कुणी काही बदलायचं नाही, एक बदललं की दुसरं बिघडतं. किल्ली त्याच्या एकट्याकडे.

घरी उमा तापली. "दोन वर्षं डोळे फोडून केलाय आम्ही! तुला काय कळतंय?"

"मला ओहोटी कळते."

जेवली नाही. फणकारा अगदी माझा.

सोमवार, ९ फेब्रुवारी

जे घडलं ते नीट लिहिते.

बाकीचे चहाला खाली गेलेले. मी खेळत होते, उमा तिच्या जागेवर. काचेची माणसं डावीकडून येतात म्हणून सगळे डावीकडे पळतात. मी उजवीकडे गेले. तिथे एक मोठा काळा खडक आहे, त्याच्यामागे सावली. कालवं असलीच तर अशा जागी असतात! गेम आहे ते विसरले. खाली बघत बघत खडकाला वळसा घातला, वाळूवर पाऊल टाकलं —

आणि पडले. वाळूतून खाली. सगळं वर राहिलं — समुद्र, खडक, दोन्ही चंद्र, सगळं उलटं टांगलेलं, पातळ कागदासारखं. खाली काही नाही. राखाडी. पडतेय, पडतेय, थांबतच नाही. मग कम्प्युटर गोठला.

उमा धावत आली. तोंड पांढरं. मागची वायर ओढून बंदच केला.

"कोणाला सांगितलंस तर बघ, आये."

जिन्यात उभी राहून सगळं बोलली. तिथे वाळू दिसते, पण खाली आधारच नाही. विहिरीवर चटई अंथरावी तसं. प्रत्येकाने आपापला भाग वीतभर न सोडता चालून बघायचा आणि यादीवर सही करायची, असा अनिशचा नियम. हिने सही केली, चालली नाही. कधी? पौषात. माझी टाच सडली होती तेव्हा. दोन दिवस घरी बसून माझा पाय धूत होती. तिसऱ्या दिवशी गेली ती सगळ्या किनाऱ्याच्या नावाने सही करून मोकळी झाली.

आणि दिवाळीत याच गोष्टीसाठी अनिशने बाबल्याला काढलं, तेव्हा माडीवर सहावा होता तो. न बघता सही केली म्हणून. त्याच दिवशी पिशवी उचलायला लावली. अजून घरी बसून आहे तो.

"आता गेमला कुलूप आहे. बुजवायचं तर अनिशला सांगावं लागेल. सांगितलं की मी गेले. आये, तिथे कोणी जात नाय. खाली कोणी बघत नाय. फक्त तू!"

अनिशच्या वहीत लिहिलं — छान आहे.

मंगळवार, १० फेब्रुवारी

अनिशच्या वहीत — छान आहे. जेवण जात नाही.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

घ्या! अनिश टाळ्या वाजवत आला. "मावशी, वीस तारखेला बंगळूरवाल्यांसमोर गेम तुम्हीच खेळायचा! टिकल्यांसकट! कालवं काढणारी बाई हा गेम खेळते म्हटल्यावर त्यांना दुसरं काही सांगायलाच नको."

उमाच्या हातातला पेला पडला. मी म्हटलं, मला जमणार नाही. म्हणाला, "जमतंय की! फक्त मान वर ठेवायची."

वाटेत उमा म्हणाली, "त्या खडकाकडे जाऊ नको म्हणजे झालं."

म्हटलं, एक भोक सापडलं. तू किनारा चालली नाहीस तर न सापडलेली किती आहेत?

ती झपाझप पुढे निघून गेली.

रविवार, १५ फेब्रुवारी

उमाचे बाबा लोट्याच्या केमिकल कारखान्यातून आले. महिन्यातून दोन रविवार येतात, त्यातला अर्धा झोपेत. पोरगी बाहेर गेल्यावर सांगितलं त्यांना. वाटलं होतं म्हणतील, गप्प बस.

म्हणाले, "आमच्याकडे गॅसचा वास आला की आधी बोंब मारायची. व्हॉल्व कुणी सैल ठेवला ते मागाहून. वास आला असताना गप्प बसलेला एक माणूस होता आमच्या शिफ्टला. मित्र अडकेल म्हणून गप्प."

"मग?"

"मग काय मग. मित्रच आत होता."

कूस बदलून झोपले. मी भांडी घासायला बसले आणि एकच पातेलं किती वेळ घासलं देव जाणे.

सोमवार, १६ फेब्रुवारी

अनिशने वर बघायचा सराव करून घेतला. झैन मागे उभा राहून, "मावशी, चंद्र! मावशी, चंद्र!" दोन मिनिटं बघते, मग मान आपोआप खाली. काय करू? हात पण तिकडेच वळतो.

सगळे जेवायला बसल्यावर मी एकटीच किनारा चालले. पाऊल टाकायच्या आधी थांबायचं, बंदुकीची गोळी वाळूत मारायची. वाळू उडाली तर पक्की. गोळी आरपार गेली तर भोक. खडकावर कोयतीने ठोकून बघतो तसंच. आणखी तीन सापडली. एक तर जहाजाच्या सांगाड्याला लागून, जिथे कोणीही जाईल. मीच पहिल्या दिवशी दोन पावलांवरून गेले होते!

आता कोणी म्हणू नये, खाली कुणी बघत नाही.

पोरीची नोकरी एका बाजूला, पाच जणांची दोन वर्षं दुसऱ्या बाजूला. आणि मधे माझी टाच. नजर हटली नसती तर टाच कापली नसती, ती घरी बसली नसती, सही खोटी झाली नसती. हे कुणाच्या वहीत लिहायचं?

आज अनिशच्या वहीत काही लिहिलं नाही.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

लिहिलं. त्याच्याच वहीत, मोठ्या अक्षरात. चार भोकं, कुठल्या खडकापासून किती पावलं. सही उमाने न चालता केली. का केली तेही लिहिलं, टाचेसकट.

मग वही उमापुढे ठेवली. वाटलं, फाडणार. तिने वाचली. पेन मागितलं.

"चार नाय, आये. सहा."

म्हणजे तीही चालत होती! मला न सांगता, रोज, मी गेल्यावर! उरलेली दोन तिने स्वतःच्या हाताने लिहिली आणि खाली सही केली. ही सही चालून केलेली.

त्याखाली शेवटची ओळ माझी —

अनिश, भोकं आम्ही दाखवली, किल्ली तुझ्याकडे आहे. बुजवायला उमाला बसवतोस, की बाबल्यासारखी पिशवी उचलायला लावतोस? मला परवा, गुरुवारी, ओहोटी लागायच्या आत उत्तर पाहिजे. त्यानंतर मी खडकावर असेन. पोरगी तुझ्या माडीवर असेल की माझ्या बाजूला, ते तू सांग.