नात अर्थशास्त्र शिकायचं म्हणते

माय, जिवंत होतीस तेव्हा चुलीवर दूध ठेवून शेजारी गप्पा मारत बसायचीस, तिकडे गेल्यावर तर लेकीचं तोंडही विसरली असशील. मी तुझी थोरली, सिल्वासाला राहते ती. मला अजून अक्षर येत नाही, हसू नकोस. मी सांगतेय आणि माझी नात लिहितेय. यंदा तिची बारावी झाली. तिचा बाप म्हणतो, वापीला रोज बसने जा, बीकॉम कर, राखोलीला मी कामाला आहे त्याच फॅक्टरीत हिशेबाला लावून देतो. ही म्हणते, मुंबईला हॉस्टेलात राहीन आणि अर्थशास्त्र शिकेन.

"ते काय असतं गं?" मी भाजी निवडता निवडता विचारलं.

"आजी, इथे एवढ्या फॅक्टऱ्या का आल्या?"

"दमणगंगेचं पाणी गोड लागलं असेल."

"सरकारने कर माफ केलाय म्हणून. माफी संपली की?"

"की काय?"

"तेच तर शिकायचंय."

बस, तेव्हापासून माझं हेच चाललंय. लाइट गेली आणि समोरच्या फॅक्टरीतली सुताची मशिनं गप्प झाली, की पिठाच्या हातांनी मी दारात येते, माणसं बोचकी घेऊन निघाली की काय ते बघायला. नात हसते. आताही हसतेय, पण लिहितेय.

माय, इथल्या फॅक्टरीतल्या कामासाठी आम्ही खानदेश सोडला त्या दिवशीचं तुझं स्वयंपाकघर मला दिसतं. तू भाकरी थापतेयस, माझ्याकडे बघत नाहीस. "त्या फॅक्टरीच्या मालकाचं गाव कोणतं?" विचारतेस. मला काय ठाऊक! "मग उद्या तो उठून गेला, तर कोणाच्या दारात बसशील गं?" मी म्हटलं, "माय, तुला त्यातलं काय कळतं!" तू तवा आपटलास आणि तोंड फिरवलंस. आता तेच ही पोरगी विचारते, आणि तिला तसं म्हणायला माझी जीभ उचलत नाही.

काल मुलगा म्हणाला, "आई, तूच समजाव, तुझं ऐकेल ती." मी म्हटलं, "जाऊ दे तिला. पुढे काय होणार, ते घरातल्या एकाला तरी कळू दे." बोलून गेले खरी, पण आता बघ. इथे राहिली तर मशिनं बंद पडायची भीती, गेली तर एवढ्या मोठ्या शहरात पोर एकटी. दोन्हीकडून घाबरायचं काम माझंच.

"आजी, हेही लिहू?"

"लिही. माझ्या मायला तरी कुठे वाचता येत होतं!"

माय, हे पत्र कुठे जायचं नाही. घाबरलेय हे हिच्या तोंडावर सांगवत नाही, म्हणून तुला पुढे करून हिच्या कानावर घातलं, एवढंच. आणि तिकडून काही धाडायचं मनात आलंच, तर उन्हात वाळवलेल्या ज्वारीच्या बिबड्या धाड, लसूण जास्त घालून. माझ्याकडे नको, हिच्या हॉस्टेलावर.