चार मिनिटांचा आकडा

१७ नोव्हेंबर, सकाळ

लाडक्या चिमणे,

तुझं पत्र परवाच मिळालं. गुडघे सोडले तर माझं बरं चाललंय. कुंड्यांना पाणी घालून लिहायला बसले आहे. तुझ्या आईला माझं कुशल सांगू नकोस, ती विचारणार नाही.

सरकारी प्रयोगशाळेत तुझी निवड झाल्यातच जमा आहे, आता फक्त माझ्या शिफारशीच्या दोन ओळी हव्यात, असं तू लिहिलंस. लंबूचाही फोन आला होता. एके काळी माझ्या हाताखाली होता, आता तिथला संचालक आहे. "बाई, तुमच्या रक्ताची मुलगी आहे, मी मुलाखतसुद्धा घेणार नाही," म्हणाला.

तू विचारतेस, तत्त्वं सांभाळून मी तिथे बत्तीस वर्षं कशी काढली.

तत्त्व होतं ग. मोठ्या साहेबांनीच घालून दिलेलं: आधी आपण, मग लोक. जमाव पांगवायचा कुठलाही धूर बाहेर पाठवण्याआधी आम्ही अधिकारी स्वतः काचेच्या खोलीत त्यात उभे राहायचो. जो सर्वांत जास्त वेळ टिकेल, त्याचा वेळ ही माणसाला सोसवणारी मर्यादा. आम्हाला त्याचा केवढा अभिमान! लंबू चाळीस सेकंदांत ओकत बाहेर यायचा. "काय रे, आत सासू भेटली का?" साहेब विचारायचे.

मी चार मिनिटं उभी राहायचे.

कॉन्व्हेंट शाळेत मदरनी आमच्या गानवृंदाला श्वास पुरवून वापरायला शिकवलं होतं. ओठांसमोर मेणबत्ती, आणि ज्योत हलता कामा नये. तुझी आई माझ्या मागच्या ओळीत असायची. तिचा श्वास मध्येच संपायचा, मग ती माझी वेणी ओढायची. धुरात मी तोच श्वास वापरत होते. निम्मा वेळ धूर माझ्या छातीत जातच नव्हता.

"बाई, तुम्ही श्वास घेता तरी का?" साहेबांनी एकदा हसत विचारलं. मी पण हसले. तेव्हाच सांगायला हवं होतं. जगात माणसं तुझ्या आईच्या श्वासाचीच जास्त, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण खात्यात मी एकटी बाई, आणि सगळ्या पुरुषांना मागे टाकलेलं. अहवालात लिहिलं, "बंद जागेत चार मिनिटं, इजा नाही." खाली सही माझी.

आईचे डोळे संपात गेले, एवढंच तुला माहीत आहे.

इस्पितळाच्या जेवणघरात पन्नास-साठ परिचारिका ठाण मांडून बसल्या होत्या. तुझी आई त्यांच्यात असेल असं मला वाटलं नव्हतं. पोलिसांनी दारं बाहेरून लावली आणि झरोक्यातून धूर सोडला. मी वरच्या सज्जात, काचेमागे, हातात घड्याळ घेऊन नोंदी करत होते.

पहिल्या मिनिटाला त्या खोकत होत्या. दुसऱ्याला दारावर धडका सुरू झाल्या. एकीने बाकाची फळी उपटून खिडकीच्या गजांवर हाणली. ती उसळून शेजारणीच्या जबड्यात बसली, दात फरशीवर सांडलेले मला वरून दिसले. पडलेल्यांच्या अंगावरून बाकीच्या धावत होत्या. एकीच्या गळ्यावर टाच पडली. तिचे पाय थोडे झाडले गेले, मग थांबले. भिंतीवर नखांचे लाल ओरखडे उठत होते.

तिसरं मिनिट भरलं तेव्हा तुझी आई दिसली. दोन्ही हातांनी ती स्वतःचे डोळे ओरबाडत होती. रक्त कोपरापर्यंत आलं होतं.

शेजारच्या फौजदाराने विचारलं, "बाई, बंद करू?"

मी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "अजून एक मिनिट आहे."

थांबवलं असतं तर माझा आकडा खोटा ठरला असता. दुसरं कारण मी इतकी वर्षं शोधते आहे, सापडत नाही.

दार आत ढकललं जाईना. सात जणींचे देह त्याला आतून टेकलेले होते. पोलिसांनी कुऱ्हाडीने फळ्या फोडल्या, तेव्हा पहिला घाव त्या सात जणींपैकीच एकीच्या खांद्यात रुतला. ती अजून जिवंत होती.

चौकशीत मी सांगितलं, आकडा बरोबर होता, बायकांनी एकमेकींना तुडवलं. पुढच्या वर्षी मला बढती मिळाली. मी त्या खात्यात नोकरी करत राहिले म्हणून तुझी आई माझ्याशी बोलत नाही. सज्जात मी होते, हे तिला कोणीही सांगितलेलं नाही.

आत राहूनच सुधारणा करता येते, असं तू लिहितेस. अग, मी हेच वाक्य निवृत्तीच्या भाषणातही म्हटलं होतं. टाळ्या पडल्या.

शिफारस मी करणार नाही. लंबूला आजच तसं लिहिलंय, कारणासकट. त्यानंतरही त्याने घेतलं आणि तुला जावंसं वाटलं, तर जा. तू आता लहान नाहीस. पण रुजू होण्याआधी हे पत्र आईला वाचून दाखव. फौजदाराने काय विचारलं आणि मी काय म्हणाले, तेही गाळू नकोस. ती मध्येच थांब म्हणाली, तर लगेच थांब.

तिची थोरली बहीण,
आणि तुला अजून म्हणावंसं वाटलं तर, तुझी मावशी