एक कोपरा उघडा आहे

कोल्हापूर
जानेवारी २००६

प्रिय शांभवी,

हे ‘प्रिय’ हाताच्या सवयीनं लिहिलं गेलंय, त्याचा फार अर्थ काढू नकोस. तुझ्या नवऱ्यानं पाठवलेला माणूस बुधवारी येऊन गेला. रस्त्याकडची अव्वाची खोली मोजायला. संक्रांतीनंतर ती दुकानाला द्यायची ठरली आहे, हे मला त्याच्याकडून कळलं. सख्खी बहीण असून तू सांगितलं नाहीस. आम्ही दुपारच्या वाकळ अंथरून शिवत होतो. तो टेप घेऊन या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरळ चालत गेला, चपला घालून, वाकळीवरून. माझ्याबरोबर शिवायला येते ती झुंबरबाई म्हणाली, “पावणं, पायाखाली वाकळ हाय की.” तर म्हणतो, “मावशी, मी मोजाय आलोय, शिवाय न्हाय.” “मग चपलाबी मोजून भाईर ठेवायच्या हुत्या,” ती म्हणाली. तो हसला. आम्ही कुणी हसलो नाही.

नेसरीच्या काकूंना तू फोनवर जे सांगितलंस तेही माझ्यापर्यंत आलं. अक्कानं आजारी आईला तिच्या खोलीतून काढलं आणि तिथं चिंध्यांचा कारखाना घातला. दसऱ्याला आलीस, अव्वाची खाट माजघरात दिसली, तेवढ्यावर तू निकाल दिलास. मला विचारलं नाहीस, एक वेळ समजू शकते. पण तिला तरी विचारायचंस. ती शुद्धीत होती, बोलत होती, आणि तू तिच्या उशाशी बसून पुण्याच्या फ्लॅटच्या फरशीबद्दल सांगत होतीस.

मग आता माझ्याकडून ऐक. गेल्या पावसाळ्यात पुराची माणसं समोरच्या शाळेत आणून ठेवली होती. अव्वा खाटेवरून खिडकीतून दिवसभर बघायची. एकदा अंगावरची वाकळ काढून मला म्हणाली, “ही देऊन ये.” मी दिली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, “विद्या, माझी खाट आत घे. एकटीला एवढी जमीन कशाला लागत्या? हितं चौघी बसून शिवत्याल.” मी ऐकेना, तर जेवायची थांबली. तिचा हट्ट तुला ठाऊक आहे, तुझ्यात तोच उतरलाय. शेवटी खाट मीच ओढली, एवढं मात्र तुझं खरं.

वाकळ टेबलावर होत नाही, तिला अख्खी जमीन लागते. म्हणून कपाट बाहेर काढलं, फरशी घासून गोणपाट अंथरलं, ट्यूबलाइट खाली उतरवून घेतली. कापायला विटांवर जुनी फळी टाकली. मल्लेशमामा कबनूरच्या यंत्रमागांवरचं डागी कापड गोणीत भरून आणायचे. अव्वा माजघरातून ते फाडून द्यायची. टर्र आवाज झाला की खूश. म्हणायची, “दात गेलं, पर हात अजून चावत्यात.” वाकळ होत आली की एक कोपरा उघडा ठेवायचा, त्यात ती आपल्या ताटातला भाकरीचा तुकडा घालायची, मगच तो शिवायचा. वाकळ कुणाच्या घरी उपाशी जाऊ नये, ही तिच्या माहेरची रीत.

तिच्या साड्या तुझ्यासाठी बाजूला ठेवायला तू सांगितलंस. साड्या नाहीत. तिनंच फाडल्या, एकेक करून, वाकळींच्या पोटात घालायला. थंडी पडायच्या आधी त्या वाकळी शिरोळकडच्या पुरातल्या गावांत गेल्या. कुणाच्या अंगावर आहेत मला माहीत नाही. हव्या असतील तर दारोदार फिरून मागून घे.

एक साडी तेवढी तिनं फाडू दिली नाही. तुझ्या पहिल्या पगाराची हिरवी इरकल. ती अख्खी वर घालून एक वाकळ करायची, असं झुंबरबाईला सांगितलं. म्हणाली, “शांभवीला पुण्यात गार लागतंय.” दिवाळीपर्यंत ती जवळजवळ झाली होती. तू येणार म्हणालीस, म्हणून कोपऱ्यातला भाकरीचा तुकडा आम्हाला घालू दिला नाही, शांभवीच घालंल म्हणाली. तू आली नाहीस. मग आलीस ती थेट तिच्या मातीला, आणि संध्याकाळच्या गाडीनं गेलीस. त्या खोलीत पाऊलही टाकलं नाहीस.

बुधवारी अंथरली होती ती हीच वाकळ. धावदोऱ्याच्या दोन धावा उसवल्या होत्या, त्या घालत होतो. तुमच्या माणसाच्या चपलेचे ठसे इरकलीच्या काठावर उठले आहेत. मी ते झटकले नाहीत, वाकळ धुतलीही नाही. तशीच खोलीभर अंथरलेली आहे आणि तिचा एक कोपरा उघडा आहे. खोली रिकामी करायची तर आधी ती उचलावी लागेल. मी उचलणार नाही, झुंबरबाईही हात लावणार नाही. दुसरा माणूस पाठवलास तर त्याला मी उंबऱ्याच्या आत घेणार नाही. तू ये. ताटात भाकरी वाढून ठेवीन. तुकडा घाल, नाहीतर तशीच उपाशी गुंडाळून ने. पण जे करायचं ते तुझ्या हातानं कर.

तुझीच,
अक्का